दक्षिणा, शिष्यवृत्ती, फेलोशिप

कर्जतहून कोंडिवड्याच्या रस्त्याला लागलं की राजमाचीच्या पोटात कोंडाण्याची लेणी लागतात. पावसाळ्यात मुंबईची पोरं तिथे धबधब्याखाली भिजायला येतात आणि लेण्यात सेल्फी काढून परत जातात. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या अंगाला एका मोडक्या मूर्तीचा भाग उरला आहे आणि त्याच्या शेजारी एका ओळीचा ब्राह्मी लेख आहे. अर्थ एवढाच, की कान्हाचा अंतेवासी बालक याने हे केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. थोडक्यात, आमच्या तालुक्यातला नावानिशी माहीत असलेला सगळ्यात जुना विद्यार्थी हा बालक, दोन हजार वर्षांपूर्वीचा! पण तो शिकत होता, छिन्नी चालवत होता, तेव्हा त्याला जेवायला कोण घालत होतं, हे काही लेखात नाही. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दानावर अशी लेणी उभी राहिली, असं इतिहासकार सांगतात. ते खरंच असणार.

हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरायला कारण घडलं. खालापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरचा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याची मुलगी एम.ए. झाली. पीएच.डी. करायची म्हणते. मला विचारलं, "सर, इतकी वर्षं नुसतं वाचत बसायला पैसे कोण देतं? आणि का देतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरातला संगणक देतो. दुसऱ्यासाठी जरा मागे जावं लागेल, म्हणून हा लेख.

मागे म्हणजे पेशवाईत. श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. प्रथा मुळात तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्याला नेली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता, तिथे हजारोंनी गर्दी व्हायची. कोकणातून जाणारे आपल्या खोपोलीवरूनच बोरघाट चढत. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ आहे, ते घाट चढण्या-उतरण्याआधी दम घ्यायला किती सोयीचं, हे ज्याने भर उन्हात तो घाट पायी केला असेल त्यालाच कळेल. (मी एकदाच केला आहे, तरुणपणी. पुन्हा करणार नाही.)

या दक्षिणेला नुसतं दान म्हणून मोडीत काढू नये. मोठ्या शास्त्र्यांची परीक्षा होई, विद्वत्तेप्रमाणे रक्कम ठरे. न्याय, व्याकरण, वेद शिकणाऱ्याला वर्षाचा आधार मिळे. पण रमण्याच्या दारातून आत जाण्याची पहिली अट जन्माची होती, विद्येची परीक्षा त्यानंतर. आणि हा पैसा कुठून येई? शेतसाऱ्यातून. म्हणजे नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या आणि आमच्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांच्या घामातून. ही गोष्ट त्या काळी कुणी बोलून दाखवली नाही.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टन साहेब चतुर माणूस. दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातली विद्वान मंडळी बिथरतील, म्हणून वर्षाला ५०,००० रुपये ठेवले. त्यातलाच काही भाग वापरून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावं घेणं बंद झालं. जुने घेणारे जसजसे वारले तसतशी रक्कम शिल्लक पडू लागली. या शिल्लक रकमेचं काय करायचं, यावरून पुण्यात जो वाद पेटला तो मला आपल्याकडच्या संशोधनाच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाद वाटतो. पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळीही मिळत नाहीत.

१८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. जातीसाठी नव्हे, कामासाठी! आणि तेही संस्कृतात नव्हे, मराठीत. शास्त्रीमंडळी खवळली. अर्जदारांना मारहाण होईल असा रंग दिसू लागला. तेव्हा बावीस वर्षांचे जोतीराव फुले मदतीला आले. त्यांनी महार-मांग समाजातली दोनशेच्या आसपास धट्टीकट्टी माणसं संरक्षणाला उभी केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. विचार करा मंडळी. ज्यांना त्या दक्षिणेतला छदाम कधी मिळाला नव्हता, आणि मिळण्याची आशाही नव्हती, ती माणसं ग्रंथकारांच्या बक्षिसासाठी काठी घेऊन उभी राहिली.

१८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली. मग १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं आणि याच निधीतून दक्षिणा फेलोशिप आल्या. पदवी घेतलेल्या हुशार तरुणाने कॉलेजात राहावं, खालच्या वर्गांना थोडं शिकवावं, उरलेल्या वेळात स्वतः अभ्यास करावा आणि त्याबद्दल महिन्याला वेतन घ्यावं, असा तो बेत. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतले, आणि दोघेही दक्षिणा फेलो होते. आज ज्याला जेआरएफ म्हणतात त्याचं हे पणजोबा. नावात अजून 'दक्षिणा' होती, पण देवघेव पार बदलली होती.

अर्थात रमण्याचं दार कागदावर उघडलं म्हणून सगळे आत गेले असं झालं नाही. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे फुल्यांनी जे निवेदन दिलं त्यात हाच सल आहे, की सरकारी उत्पन्न रयतेच्या कष्टाचं, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याने तेहेतीस वर्षांपूर्वी त्या अर्जदारांचं रक्षण केलं त्यानेच हा हिशेब मांडावा, यातली कडवट गंमत मला सोडवत नाही.

आता जरा आपल्या रायगडात या. वि. का. राजवाडे १८६३ मध्ये जन्मले ते पेण तालुक्यातल्या वरसईला, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यात. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत हा माणूस गावोगाव पायी फिरला. दप्तरं धुंडाळली, जुने कागद उतरून घेतले, १८९८ पासून साधनांचे खंड काढले, त्यांची संख्या बावीसवर गेली. सरकारी अनुदान नाही, फेलोशिप नाही. कुठे जेवले, कुठे निजले, याचं भान नसे. आपल्याकडे या फकिरीचं फार कौतुक होतं. मला ते कौतुक अर्धंच पटतं. राजवाडे होते म्हणून निभलं. ज्याच्या घरी चार तोंडं खायला आहेत त्याला "राजवाड्यांसारखं कर" म्हणणं म्हणजे संशोधन करू नकोस म्हणणं.

दुसरे चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचा जन्म, १८९६ चा. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. नाना शंकरशेट १८६५ मध्येच गेले होते, पण त्यांच्या नावाचा पैसा सत्तेचाळीस वर्षांनी महाड तालुक्यातल्या मुलापर्यंत पोहोचला. पुढे केंब्रिज, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी दिलेला राजीनामा तर आमच्या पिढीने घरोघरी ऐकलेला. पण त्यानंतर, १९५६ मध्येच, ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. म्हणजे शिष्यवृत्तीवर वाढलेला रायगडचा मुलगा सबंध देशाच्या विद्यापीठांना पैसे वाटणाऱ्या खुर्चीत बसला.

टाटांचं नाव न घेऊन चालणार नाही, कारण खोपोली त्यांना रोज बघते. डोंगरावरून उतरणारे ते मोठाले पाइप, १९१५ पासून चालू झालेलं वीजघर, तसंच भिवपुरीचं १९२२ चं. पाण्यापासून वीज हे ज्या जमशेटजींचं स्वप्न, त्यांनीच १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंट काढली. तिची खासियत अशी की ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. शिकून या, कमवा आणि फेडा, म्हणजे पुढच्याला देता येईल. जयंत नारळीकर तिच्या जोरावर केंब्रिजला गेले. डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्याला ही योजना उत्तम. मात्र मोडी कागद वाचणाऱ्याने किंवा वाडीवरच्या बोलीचे शब्द गोळा करणाऱ्याने कर्ज फेडायचं कशातून? काही विद्यांना फुकटच पैसे द्यावे लागतात, त्याला इलाज नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढी पायपीट केली. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. करार झाला, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी अशी अट पडली. हे सारे जाणतात. पण त्याआधी कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याचेच महिना पंचवीस रुपये मिळत होते, ते कसे मिळाले? कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक होते, विल्सन हायस्कुलातले. बागेत वाचत बसलेला हा मुलगा त्यांनी हेरला, मॅट्रिक झाल्यावर आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि दामोदर सावळाराम यंदे यांच्या मार्फत त्याचं नाव महाराजांपर्यंत नेलं. बडोद्याची तिजोरी भरलेलीच होती, महाराजांचं मनही मोठं होतं. तरी परळच्या चाळीतला मुलगा तिथवर आपल्याआप पोहोचला नसता.

पैसा पुरला असंही नाही. मुदत संपली, १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजातली नोकरी, त्यातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पैसे, असं जमवून १९२० मध्ये पुन्हा लंडन. डी.एस्सी. झाली १९२३ मध्ये. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी सयाजीरावांना अर्पण केला आहे, शिक्षणाला केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून.

असो. आजचं चित्र सांगतो, कारण नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनी हेही विचारलंय. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये. अनुसूचित जमातींसाठी केंद्राची वेगळी नॅशनल फेलोशिप आहे, वर्षाला ७५० जणांना. समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआरची आहे. एकुलत्या एका मुलीसाठी सावित्रीबाई-जोतीराव फुले यांच्या नावाची आहे. आमच्या मुलीला दोन भाऊ, त्यामुळे ती बाद! राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आहेत. पण दिलेलं परतही घेतलं जातं. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये केंद्राने बंद केली. आणि बार्टी, सारथी, महाज्योतीच्या संशोधकांना पूर्ण रकमेसाठी रस्त्यावर बसावं लागलं, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. १८४९ मध्ये भांडण होतं ते पैसा कुणाला, यावरून. आता भांडण आहे ते वेळेवर आणि पुरता मिळण्यावरून.

मुलीचा अर्ज भरायला आम्ही दोघे चार संध्याकाळी बसलो. जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पीएच.डी.च्या नोंदणीचं पत्र. नोंदणीला फी लागते, फी फेलोशिपमधून भरायची, आणि फेलोशिप मागायला नोंदणी आधी हवी. हा पेच तिच्या वडिलांनी ऐकला आणि म्हणाले, "गुरुजी, हे तर मुकादमाच्या उचलीसारखं झालं, फक्त उलटं." वीटभट्टीवर उचल आधी मिळते आणि काम मागून, म्हणून तो उलटं म्हणाला. मला हसू आलं, पण त्याला आलं नाही. फीचे पैसे तिच्या मामाने आणि आणखी दोघांनी मिळून भरले.

तिने विषय घेतलाय कातकऱ्यांच्या स्थलांतराचा. कातकऱ्यांवर ए. एन. वेलिंग यांचं इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये निघालं होतं. त्यानंतरही बाहेरून आलेल्यांनी पुष्कळ लिहिलं, वाडीवर मुक्काम केले, फोटो काढले. "त्यांनी काय लिहिलं ते आधी वाचते," म्हणाली, "मग आजीला विचारते." आजी नव्वदीच्या पुढची आहे. काथाच्या भट्ट्या लावायला जंगलात जाणाऱ्यांच्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकल्या आहेत. फेलोशिपचा निकाल लागायला अजून अवकाश आहे, पण आजीचं बोलणं टिपून घ्यायचं काम सुरू झालंय. वही मी आणून दिली, मोबाइलमध्ये रेकॉर्ड कसं करायचं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं.