एका तत्त्वाचा परतीचा प्रवास

जुन्या मोटारीच्या इंजिनावर मोटारसायकलचे कार्ब्युरेटर बसविण्याचा इंग्लंडमधील हौशी यंत्रज्ञांचा प्रघात ही निव्वळ उसनवारी मानणे इतिहासास धरून होणार नाही. इंजिनाच्या शोषणानुसार हवेचा मार्ग आपोआप लहानमोठा व्हावा, या तत्त्वावर जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने विसाव्या शतकाच्या आरंभी ‘एस. यू.’ कार्ब्युरेटर रचिला. पादत्राणांच्या व्यापारातील कुटुंबात वाढलेल्या या गृहस्थाने प्रथम चामड्याचा भाता योजावा, हे स्वाभाविकच होय. पुढे भात्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली. १९६५ च्या होंडा सीबी ४५० वर तेच तत्त्व आढळते. १९९८ च्या यामाहा आर १ वरही ते आहे. तेथे मात्र दट्ट्यास रबरी पडद्याची जोड आहे.

आर १ चे चार कार्ब्युरेटर फोर्डच्या ‘क्रॉसफ्लो’ इंजिनास जोडताना अडचण येते ती मापांची. आर १ चा एक सिलिंडर सुमारे २५० घनसेंटिमीटरचा, तर १६०० च्या क्रॉसफ्लोचा ४०० चा. तेव्हा जेट बदलणे आलेच. शिवाय चौघांमधील अंतर इंजिनाच्या शोषणद्वारांशी जुळवावे लागते. १९५९ च्या मिनीच्या इंजिनास तर चार सिलिंडरांमागे शोषणद्वारे दोनच. म्हणून तेथे बहुधा दोनच कार्ब्युरेटर बसवितात. त्याच जागी कारखान्यातून एस. यू. बसून येत असे.