जुन्या घराची कौलं

घर नव्यानं बांधायला काढलं म्हणजे शहाणा मनुष्य काय करतो? जुनी कौलं उतरवतो, वासे, तुळया, चौकटी सोडवतो आणि सगळं परसात रचून ठेवतो. नवं घर मनासारखं उभं राहिलं तर ठीकच. नाही राहिलं तर निदान डोक्यावर छप्पर तरी परत घालता येतं. श्रोतेहो, संगणकाच्या इतिहासातही हीच रीत पाळली गेली, आणि त्या परसातल्या ढिगातून हरवलेली वस्तू परत मिळवता येते. आज तीच हकीकत सांगावयाची आहे. शिक्षकबंधुभगिनींनी ती जरा लक्ष देऊन वाचावी, कारण शाळेच्या कपाटावर धूळ खात पडलेल्या जुन्या यंत्राशी तिचा संबंध आहे.

संगणक ज्या मूळ व्यवस्थेवर चालतो तिला कार्यप्रणाली म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली, तेव्हा जुनी व्यवस्था असलेल्या यंत्रावरच ही नवी चढवण्याची सोय होती. पण नवी पसंत पडली नाही तर? म्हणून चढवणारा प्रोग्राम जुन्या व्यवस्थेच्या फायली दाबून एका लपवलेल्या फायलीत ठेवीत असे. तिचं नाव डब्ल्यू९५अनडू. १९९८ साली विंडोज ९८ आली, तिनंही तसंच केलं. त्या फायलीला विनअनडू म्हणत. त्या काळी डिस्कवर जागा तुटपुंजी. त्यामुळं ‘ही फाईल काढून टाकू का?’ असं यंत्रानं विचारलं की ‘काढ बाबा’ म्हणण्याचा मोह होई. कौलं विकून अंगण मोकळं करण्यातलाच हा प्रकार!

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली. विंडोज ९८ किंवा विंडोज मी यांच्यावर ती चढवली, की मुख्य डिस्कवर ‘अनडू’ नावाचं एक फोल्डर तयार होई आणि त्यात ‘बॅकअप डॉट कॅब’ ही मोठी फाईल असे. कॅब म्हणजे काय? पेशवे दप्तरातले कागद जसे रुमालात बांधून ठेवलेले असतात, तसाच हा रुमाल समजा. एका गाठोड्यात शेकडो कागद, आणि वर आत काय काय आहे त्याची यादी. ही फाईल अगदी कच्च्या रूपात पाहिली तर सुरुवातीलाच एम, एस, सी, एफ ही चार रोमन अक्षरं दिसतात. नाव बदललं असलं तरी या खुणेवरून रुमाल ओळखता येतो. आतला मजकूर ३२ किलोबाइटच्या तुकड्यांनी दाबलेला असतो. म्हणून गाठोड्याचं एक टोक कुजलं, तरी त्याच्या आधीचे कागद पुष्कळदा शाबूत निघतात.

आता गंमत पाहा. सबंध जुनी व्यवस्था परत आणायची सोय एक्सपीत होती, पण तिला अटी फार. डिस्कची मांडणी एनटीएफएस पद्धतीची करून घेतली, की परतीची वाट बंद. शिवाय परत गेलं तर मधल्या काळात बसवलेले प्रोग्राम हातचे जाणार. माझ्या मते एका हरवलेल्या फायलीसाठी सगळं नवं घर पाडणं हा वेडेपणाच. रुमाल सोडावा, हवा तो कागद काढावा, बाकीचं जिथल्या तिथं राहू द्यावं. त्यासाठी एक्स्ट्रॅक्ट नावाची आज्ञा विंडोजमध्येच होती. आज सेव्हन-झिप हा फुकट मिळणारा प्रोग्रामही हे काम करतो. मात्र एक ध्यानात ठेवा. या गाठोड्यात मुख्यतः व्यवस्थेच्या फायली असतात. तुमची पत्रं, हजेरीचे तक्ते त्यात शोधू नका. ते आपापल्या जागीच राहत.

पुढं २००७ साली व्हिस्टा आली आणि रीत पालटली. जुन्या व्यवस्थेवर नवी कोरी बसवताना डिस्क पुसली नाही, तर जुनं सगळं ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात जाऊ लागलं. न बांधता, न दाबता! एक्सपीवरून २००९ च्या विंडोज ७ कडे सरळ चढण्याची सोयच नव्हती. त्यामुळं ज्यांनी ती बदलली, त्यांच्या ‘माय डॉक्युमेंट्स’मधले कागद एकाएकी दिसेनासे झाले. लोक हबकले, कागद मात्र विंडोज डॉट ओल्डमध्ये, ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’खाली, आपल्या नावाच्या फोल्डरात स्वस्थ बसलेले होते.

आपल्या मराठी माणसाची अडचण इथं संपत नाही, बरं का. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकला जाई. फायलीत असत रोमन अक्षरांचे संकेत, आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. फाँट नाही, तर शाळेच्या स्मरणिकेचा सगळा मजकूर निरर्थक चिन्हांचा कचरा दिसतो. मोडीचा कागद हाती आहे, पण वाचणारा नाही, अशी गत! अशा वेळी घाबरू नये. विंडोज डॉट ओल्डमध्येच ‘विंडोज’ आणि त्यात ‘फाँट्स’ हे फोल्डर उघडून पाहावं. कागद आणि त्याची किल्ली एकाच परसात सापडते.

घाई मात्र हवी. २०१६ पासून विंडोज १० हे फोल्डर दहा दिवसांनंतर आपण होऊन काढून टाकू लागली. तेव्हा व्यवस्था बदलली, की त्याच आठवड्यात आत काय आहे ते पाहून घ्यावं. जुनं यंत्र मिळालं तर आधी त्याची डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून सगळ्याची नक्कल करावी, लपवलेल्या फायली दाखवण्याची आज्ञा द्यावी, आणि रुमाल सोडायचा तो नकलेतलाच सोडावा. मजकूर वाचता आला, की लगेच त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करून दोन ठिकाणी ठेवावा, आणि जुना फाँटही त्याच्याशेजारीच जपून ठेवावा.