मोहफूल, चिलीम आणि मनाची गोळी

फुलचूर गोंदियाला इतकं लागून आहे, की गाव कुठे संपलं आणि शहर कुठे सुरू झालं हे नवख्याला कळत नाही. इथे माझं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठीवर नैराश्यावरचं एस्सिटालोप्रॅम किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिसलं, की गोळ्या पाकिटात घालताना मी हलक्या आवाजात विचारतो, "दारू, गांजा काही चालते का भाऊ?" उत्तर ठरलेलं: "नाही जी." शेजारी उभी असलेली बायको मात्र दुसरीकडे बघते. या "नाही जी"मागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

आमच्या या झाडीपट्टीत मोह म्हणजे केवळ दारू नव्हे. मार्च-एप्रिलच्या पहाटे फुलं गळतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. वाळवलेली फुलं माणसं खातात, जनावरांनाही घालतात, आणि काही सडवून भट्टीवर उतरवतात. गोंडांच्या घरात जन्म, लग्न, मरण, देवकार्य मोहाच्या दारूशिवाय होत नसे. इंग्रजांना त्यात महसूल दिसला. भट्ट्यांचे ठेके दिले गेले, घरी गाळणं गुन्हा ठरलं, आणि १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा इथेही लागू झाला. दारू काही थांबली नाही. भट्टी अंगणातून उठून नाल्याकाठी गेली, आणि पिणारा खोटं बोलायला शिकला.

गांजाचंही तसंच. मध्य प्रांतात खंडव्याकडे तो सरकारी परवान्याने पिकायचा आणि परवान्याच्या दुकानात मिळायचा. १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजारावर साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये सांगितलं, की बेताने ओढणाऱ्याला सहसा मोठा अपाय होत नाही, बंदीपेक्षा नियंत्रण बरं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा पूर्ण बेकायदा झाला. पण "आमचे आजोबा चिलीम ओढायचे, त्यांना कुठे काय झालं?" हा प्रश्न आजही कानावर येतो. आजोबांचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. फक्त आजोबांच्या काळात नैराश्याची गोळीच नव्हती. आयोगापुढच्या एकाही साक्षीदाराने चिलीम आणि गोळी एकत्र घेतलेली नव्हती.

गोळी आली ती क्षयरोगाच्या वाटेने. १९५२ च्या सुमारास न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी अनपेक्षितपणे उत्साही झाले. १९५७ पासून ते नैराश्यावर वापरात आलं, आणि त्याच वर्षी रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण जगापुढे मांडला. मग इप्रोनियाझिडच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्या काहींचं डोकं भयंकर दुखू लागलं, रक्तदाब एकदम चढू लागला. कारण सापडेना. इंग्लंडमधल्या रो नावाच्या औषधनिर्मात्याने बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरला पत्र लिहिलं, की माझ्या बायकोला चीज खाल्ल्यावर असा त्रास होतो. १९६३ साली ब्लॅकवेल यांनी तो धागा धरून कोडं सोडवलं: आंबवलेल्या पदार्थांतलं टायरामिन. माझ्याच व्यवसायातल्या माणसाने घरातली गोष्ट न लपवता सांगितली, म्हणून कितीतरी जीव वाचले. ही हकीकत मला फार मोलाची वाटते.

त्या जुन्या गोळ्या आता क्वचितच दिसतात. हल्ली दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्या मानाने सुरक्षित आहेत, पण एकट्या घेतल्या तर. अ‍ॅमिट्रिप्टिलिनवर मोहाची दारू प्यायली तर गुंगी खूप वाढते, उभं राहताना रक्तदाब पडतो, आणि मात्रा जास्त असेल तर श्वासच मंदावतो. त्याच गोळीवर गांजा ओढला तर छाती धडधडते, भ्रम होतो. एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध नशेसाठी घेतलं, तर सेरोटोनिन बेसुमार वाढून घाम, थरथर, अस्वस्थपणा आणि मग जोराचा ताप येतो. हे जिवावर बेतू शकतं. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आहे, ते उगाच नाही.

लग्नसराईत आणि मंडईच्या जत्रेच्या दिवसांत आणखी एक प्रकार चालतो. "आज प्यायची आहे, म्हणून गोळी घेतली नाही." पण फ्लुओक्सेटिन ही गोळी शरीरातून जायला कित्येक आठवडे लागतात. एका दिवसाच्या खाड्याने ती जात नाही. काही गोळ्या अशा तोडल्या तर उलट चक्कर, बेचैनी सुरू होते, आणि वर दारू उदासी वाढवते ती वेगळीच.

पूर्वी अशा रुग्णाला रेल्वेने नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावं लागे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि १४४१६ या टेली-मानस मदतवाहिनीच्या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येतं. तेव्हा गोळी चालू असेल तर काय पिता, काय ओढता ते डॉक्टरांना सांगा, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पोलिसांची भीती वाटत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचाराला गेला आणि तो उपचार पूर्ण केला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ त्याच १९८५ च्या कायद्यात आहे.