मुंबईचे सूत आणि चीनची बाजारपेठ : रवाना मालाच्या आकड्यांमागचा इतिहास

१/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरणी-सुताचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते चीन. परदेशी रवाना होणाऱ्या सुताची किंमत अनेक वर्षे चढत राहिली आणि त्या भरवशावर नव्या गिरण्या उभ्या राहिल्या. हा भरवसा कितपत खरा होता?

२/ १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापूस गिरणीची कंपनी स्थापन केली. ताडदेवची ही गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मुख्यतः वीस नंबरपर्यंतचे जाडे सूत काढले. चीनमधील हातमागांना तेच हवे होते.

३/ यात चांदीचाही वाटा होता. १८७० नंतर चांदी सोन्याच्या तुलनेत स्वस्त होत गेली. रुपया आणि चिनी चलन दोन्ही चांदीचे, पौंड मात्र सोन्याचा. त्यामुळे चीनमध्ये लँकेशायरचे सूत महाग पडे, मुंबईचे स्वस्त.

४/ २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या. रुपया चांदीपासून तुटला आणि महागला. चिनी व्यापाऱ्याला तेच सूत आता अधिक चांदी मोजून घ्यावे लागले.

५/ तरीही माल जातच राहिला. अनेक गिरण्यांच्या मॅनेजिंग एजंटांचे कमिशन नफ्यावर नव्हे, तर उत्पादनावर ठरलेले असे : दर पौंड सुतामागे पाव आणा. गिरणी तोट्यात असली तरी एजंटाची मिळकत चालू राही. बरेच सूत अडतीवर जाई. बंदर सोडलेली गासडी विकली गेलेली असेच, असे नव्हते.

६/ मग संकटे एकामागून एक आली. १८९६ च्या प्लेगने मुंबईतून लाखो माणसे गावी पळाली. कोकणातून आलेले गिरणी कामगारही त्यांत होते. १८९९-१९०० च्या दुष्काळाने कापूस महागला. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर उठाव पेटला. सूत पडून राहिले, अनेक गिरण्यांची चाके थांबली आणि कामगारांचा रोज बुडाला.

७/ दरम्यान प्रतिस्पर्धी तयार झाला होता. ओसाकाची मोठी सूतगिरणी १८८३ मध्ये सुरू झाली. पी. अँड ओ. कंपनीच्या चढ्या जहाजभाड्याला शह देण्यासाठी जमशेटजी टाटांनी १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हात मिळवला आणि मुंबई-जपान जलमार्ग सुरू झाला. त्याच मार्गाने हिंदी कापूस जपानच्या गिरण्यांत पोहोचू लागला. जपानने १८९४ मध्ये सुतावरील निर्यातकर आणि १८९६ मध्ये कापसावरील आयातकर उठवला. १८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीपेक्षा अधिक झाली.

८/ १९१४ पर्यंत चीनच्या सूतबाजारात जपानने हिंदुस्थानला मागे टाकले. मुंबईच्या गिरण्या आता माग वाढवून देशातल्या गिऱ्हाइकासाठी कापड विणू लागल्या होत्या. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने त्या वळणाला बळ दिले. रवाना मालाच्या किमतीत कापसाचा भाव, चलनाचा दर आणि न विकलेला साठा सारेच मिसळलेले असते. चढत्या आकड्यावर विसंबलेल्या मालकांना ते उशिरा उमगले. त्याची किंमत कामगाराने आधीच मोजली होती.