खालच्या थरातलं काम: परम ते लिनक्स

देखभाल म्हणजे काय, हे एकलहऱ्यात येऊन आम्ही सांगायला नको. इथले २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. जुना सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला की नवा आणायचा आणि जुन्या यंत्राशी जुळवून घ्यायचा, हे इथल्या घराघरांत माहीत आहे. आज याच कामाचा संगणकाच्या आतला इतिहास पाहू.

संगणकात हार्डवेअरच्या लगेच वर कर्नेल असतो. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, मेमरी कुणाला द्यायची, हे तो ठरवतो. डिस्क, नेटवर्क कार्ड यांच्याशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतो तो ड्रायव्हर. वर बसून काम करणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते बिघडल्यावर.

आता पुण्याकडे वळू. १९८८ साली तिथे सी-डॅक स्थापन झाली, विजय भटकर तिचे प्रमुख. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात इनमॉस या ब्रिटिश कंपनीची ट्रान्सप्युटर चिप होती. ही चिप वेगळीच होती, बरं का. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, ही पाळी लावायचं काम चिपमध्येच केलेलं. शिवाय शेजारच्या चिपशी बोलायला चार जोडण्या. म्हणजे कर्नेलचं बरंचसं काम सिलिकॉनमध्येच उरकलेलं.

सोय मोठी होती, पण त्या चिपचं भवितव्य पुण्याच्या हातात नव्हतं. पुढची ट्रान्सप्युटर चिप रखडली. 'परम ८६००'मध्ये आकडेमोडीला इंटेलची आय-८६० आली आणि निरोप पोचवायला ट्रान्सप्युटर राहिले. मग 'परम ९०००'. १९९८ च्या 'परम १००००'मध्ये सनचे संगणक आणि त्यांना जोडणारं सी-डॅकचं स्वतःचं 'परमनेट'. दहा वर्षांत चार यंत्रं! प्रोसेसर बदलला की खालचा थर पुन्हा रचायचा. आणि जोडणीचं हार्डवेअर आपलं म्हटलं, की त्याचा ड्रायव्हरही आपणच लिहायचा, सांभाळायचा. तयार मिळणार कुठून?

त्याच १९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नेल जाहीर केला. त्यात देखभालीची रीत उघडी आहे. कोणता भाग कोण सांभाळतो, याची यादी कोडसोबतच असते. कर्नेलची आतली रचना सतत बदलते. जो बदल करतो, त्यानेच त्या बदलाचा फटका बसणारे कर्नेलमधले ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा रिवाज. पण ज्यांचा ड्रायव्हर कर्नेलबाहेर आहे, त्यांनी दर नव्या आवृत्तीमागे धावायचं.

सांभाळणारा नसेल तर त्या यादीत शब्द येतो 'अनाथ'. २०१९ मध्ये फ्लॉपी डिस्कच्या ड्रायव्हरपुढे तो लागला, कारण चालू स्थितीतली फ्लॉपी असलेलं यंत्रच फारसं कुणाकडे उरलं नव्हतं. यंत्र हाताशी नसेल तर केलेली दुरुस्ती तपासायची कशावर? पुढे तो ड्रायव्हर सांभाळायला एक जण आला. पण ३८६ प्रोसेसरचा आधार २०१३ च्या आवृत्तीत काढूनच टाकला. लिनक्सचा जन्म झाला होता तो याच प्रोसेसरवर!

आपल्याकडे इतिहास लिहिताना उद्घाटनाची तारीख आणि यंत्राचा वेग आठवणीने नोंदवतात. खालचा थर कुणी लिहिला, यंत्र बदलल्यावर त्याचं काय झालं, हे बहुधा सुटतं. ते माणसांच्या डोक्यात असतं आणि माणसं निवृत्त होतात. एकलहऱ्यात हे वेगळं नाही. कोणता व्हॉल्व्ह कधी अडतो, हे प्रत्येक वेळी नकाशात सापडत नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्यांनी यंत्रं चालवली, दुरुस्त केली, मग ती टर्बाइन असोत की संगणक, त्यांच्याकडे आजच जाऊन बसा आणि त्यांचं सांगणं लिहून घ्या. कोड जपला तरी तो तसाच का लिहिला, हे त्यात कुठे असतं? ते त्यांनाच विचारावं लागेल.