पाळत : प्राचीन व अर्वाचीन

गेल्या हिवाळ्यात एका स्नेह्यांच्या घरच्या कार्यासाठी बीड जिल्ह्यातील वडवणी या गावी जाण्याचा आम्हांस योग आला. कार्य आटोपून परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खिशातील स्मार्टफोनने आमच्याच प्रवासाचा वृत्तांत आमच्यापुढे मांडला. घर किती वाजता सोडले, वाटेत चहासाठी कोठे थांबलो, वडवणीत किती तास होतो, हे सारे त्यात वक्तशीरपणे नमूद केलेले होते. आणि ज्या दुकानात आम्ही जेमतेम दहा मिनिटे टेकलो होतो त्या दुकानाविषयी आपले मत काय, अशी नम्र पृच्छाही होती. यांपैकी काहीही आम्ही कोणास कळविले नव्हते. मुलांस विचारता ती हसली व म्हणाली, "बाबा, त्याला सगळं ठाऊक असतं." त्यांच्या त्या हसण्यात आश्चर्याचा लवलेश नव्हता, याचेच आम्हांस आश्चर्य वाटले.

योगायोग असा की, आदल्याच दिवशी वडवणीस आमच्या यजमानांचे वृद्ध चुलते जुन्या गावगाड्याच्या हकीकती सांगत बसले होते. त्यांच्या वडिलांच्या काळी परका माणूस वेशीत शिरला की वेसकर त्याला हटकी : पाहुणं कुठले, कोणाकडे आलात, मुक्काम किती दिवसांचा? आणि रात्रीपर्यंत ती बातमी पाटलाच्या कानी जाई. या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक घडल्यामुळे आमच्या मनात सहज प्रश्न उभा राहिला, की माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्याची ही रीत नवी म्हणावी की जुनी? नवी असल्यास तिच्यात नवे ते काय? या लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

राज्य म्हटले की पाळत आलीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोप नावाचा एक अधिकारी सांगितला आहे. नगरातील ठराविक कुटुंबे त्याच्याकडे नेमून दिलेली असत आणि त्या कुटुंबांतील स्त्रीपुरुषांची संख्या, जात, नाव, धंदा, इतकेच नव्हे तर त्यांचे उत्पन्न आणि खर्चही त्याने जाणावा, अशी आज्ञा आहे. घरात पाहुणा आला किंवा घरातून गेला तर घरधन्याने ते कळवावे, न कळविल्यास त्या रात्रीच्या गुन्ह्याचा दोष त्याच्या माथी यावा, असाही नियम आहे. ग्रंथात सांगितले तेवढे सगळे प्रत्यक्षात घडत होते असे मानण्याचे कारण नाही. तथापि राज्यकर्त्याच्या मनातील इच्छा कोणती होती, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातील गावाची व्यवस्था याहून अधिक घरगुती होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या रखवालदाराचे वर्णन आले आहे. रात्रीचा पहारा करावा, गावात कोण आले व कोण गेले ते पाहावे, संशयिताची वर्दी पाटलास द्यावी आणि गावातील प्रत्येक माणसाचा स्वभाव ओळखून असावे, ही त्याची कामे. चोरी झाली तर पावलांचे ठसे पाहत चोराच्या पाठीस लागावयाचे. ठसे शेजारच्या गावच्या शिवेत शिरले की तेथल्या रखवालदाराच्या हवाली ते करावयाचे, म्हणजे जबाबदारी त्या गावाकडे गेली. 'माग काढणे', 'मागावर असणे' हे आपल्या भाषेतील प्रयोग या पायाच्या ठशांतूनच निघाले आहेत.

याच अहवालातील एक बारकावा आम्हांस फार मार्मिक वाटतो. या रखवालदारास घराघरांतील सगळी माहिती असे, याचे एक कारण त्याचे वेतन हेच होते. प्रत्येक घरच्या धान्यातून त्याचा थोडासा वाटा ठरलेला. तो वसूल करण्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागे, आणि कोणाच्या घरी किती पिकले यावर डोळा ठेवणे त्याला भाग असे. पगार घराघरांतून गोळा होई आणि माहितीही घराघरांतून गोळा होई. किंबहुना ही दोन कामे एकच होती. ज्या सेवेचे आपण एक पैसाही देत नाही अशा सेवांनी गजबजलेल्या आजच्या यंत्राचा विचार करताना वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

जुन्या व्यवस्थेचे उगाच गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. वेसकरीचे काम बहुधा महारांकडे वतनाने असे. गावाचे रक्षण ज्यांनी करावयाचे त्यांनीच वेशीबाहेर राहावयाचे, हा त्या गावगाड्याचा ढळढळीत अन्याय होता. शहरात तर पाळतीचे रूप आणखी उग्र. पेशव्यांच्या पुण्यात रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसास कोतवालीत बसावे लागे. आणि घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेली माणसे गुदमरून मेल्यावर १७९१ साली पुण्याच्या संतप्त लोकांनी त्याची काय गत केली, हे सर्वश्रुत आहे. तरीही या साऱ्या जुन्या पाळतीला दोन मर्यादा होत्या. पाहणारा माणूस डोळ्यांना दिसत असे, आणि त्याची आठवण त्याच्याबरोबर मरत असे.

पहिल्या मर्यादेस नाही तरी दुसरीस इंग्रजी राज्याने छेद दिला. १८७१ साली हिंदुस्थान सरकारने 'गुन्हेगार जमातींचा कायदा' केला. आरंभी तो उत्तरेकडील प्रांतांना लागू होता. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासही लावता येऊ लागला. या कायद्याचे तत्त्व अपूर्व होते. गुन्हा सिद्ध झालेल्या मनुष्यावर नजर ठेवावी, हे कोणीही समजू शकेल. परंतु येथे अमुक जमातीत जन्म झाला एवढ्यावरच नाव नोंदवहीत जाई. मग बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडावयाचे तर परवाना लागे. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा कित्येक जमाती या जाळ्यात सापडल्या. सोलापुरास काटेरी तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत केली गेली. त्या भागाला आजही लोक 'सेटलमेंट' असेच म्हणतात. वडवणी व सारा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण तेथेही याच धर्तीचा कायदा असल्याने सरहद्द ओलांडून सुटका होती असे नाही. लातूर जिल्ह्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले. पोलिसांची पाळत ही पिढ्यान्‌पिढ्या घरातलीच एक वस्तू होऊन कशी बसते, हे ज्यांना जाणावयाचे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' झाल्या. वही मिटली, पण सवय मिटली नाही. आम्ही लहान असताना आमच्या गावात कोठे घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी पारध्यांच्या पालावर पोलीस गेल्याची बातमी येई. आमच्या घरातील वडील मंडळी सुशिक्षित व सज्जन होती. पण "बरे झाले" यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघाल्याचे आम्हांस स्मरत नाही. आणि आम्हीही त्या "बरे झाले" मध्ये सामील होतो. हजेरी ही दुसऱ्या कोणीतरी द्यावयाची वस्तू आहे, अशी आमची बालंबाल खात्री होती.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयापुढे हा प्रश्न लवकरच आला. उत्तर प्रदेशातील खरकसिंग नावाच्या मनुष्यावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला होता. पुराव्याअभावी तो सुटला, परंतु पोलिसांनी त्याच्या नावाची वही उघडली ती उघडलीच. रात्री-अपरात्री शिपाई व चौकीदार त्याचे दार ठोठावीत. परगावी जावयाचे तर कोठे जाणार व केव्हा परतणार हे त्याला चौकीदारास सांगावे लागे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या झडत्या घटनाबाह्य ठरविल्या. पण माणसाच्या हालचालींची नोंद ठेवण्यास हरकत नाही, कारण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत दिले. ज्याची सावलीसारखी पाठ धरली जाते तो मोकळ्या रस्त्यावर असला तरी मोकळा नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे अल्पमत खरे ठरण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे जाहीर केले.

परंतु या मधल्या काळात चौकीदारच बदलून गेला होता. भारतात पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, आणि पुढे हे यंत्र हातोहाती पसरले. पुष्कळांची समजूत अशी असते की, आकाशातील उपग्रह आपल्याला पाहतो. वस्तुतः उपग्रह काहीच पाहत नाही. तो केवळ अचूक वेळेचा संदेश खाली सोडीत असतो, आणि तसे चार संदेश मिळाले की आपण कोठे आहोत याचे गणित फोन स्वतःच मांडतो. गणित येथपर्यंत निरुपद्रवी आहे. पुढे ते उत्तर कोणकोणते अ‍ॅप कोणास कळविते, तेथे खरी पाळत सुरू होते. शिवाय, फोन चालू ठेवावयाचा तर जवळच्या टॉवरशी त्याला बोलावेच लागते; त्यामुळे दूरध्वनी कंपनीला आपला ठावठिकाणा अनायासेच समजतो.

या नोंदी किती सूक्ष्म असतात याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेतील एका चोरीच्या खटल्यात पोलिसांनी आरोपीच्या १२७ दिवसांच्या नोंदी मिळविल्या. त्यांत त्याच्या ठावठिकाण्याचे १२,८९८ बिंदू होते, म्हणजे दिवसाला सुमारे शंभर. असली माहिती सामान्यतः न्यायालयाच्या वॉरंटावाचून घेता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. नाव काढून टाकले म्हणजे नोंद निनावी झाली, असे कंपन्या सांगतात. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लक्ष लोकांच्या नोंदी तपासता असे आढळले की, स्थळ व वेळ यांचे अवघे चार बिंदू शंभरांपैकी पंचाण्णव माणसे वेगळी काढण्यास पुरतात. नकार दिला तर नोंद थांबते, हेही नेहमी खरे नसते. ठावठिकाण्याच्या नोंदीचे एक बटण बंद केले तरी दुसऱ्या एका बटणाखाली ती चालूच राहत होती, या आरोपावरून गूगल कंपनीने २०२२ साली अमेरिकेतील ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. जुन्या पाळतीच्या ज्या दोन मर्यादा आम्ही वर सांगितल्या, त्या दोन्ही येथे नाहीशा झाल्या. पाहणारा दिसत नाही, आणि तो विसरतही नाही.

यावरून यंत्र फेकून द्यावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. वडवणीस आमच्या यजमानांचा मुलगा स्वतःच्या शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र कसे काढतो ते त्याने आम्हांस दाखविले. छायाचित्राबरोबर जागेची नोंदही जाते व सातबाऱ्यावर पीक चढते. येथे ठावठिकाणा दिला जातो तो जाणूनबुजून, एका ठराविक कामापुरता, आणि देणाऱ्याच्याच हितासाठी. दुसरीकडे, रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची दिवसातून दोनदा, जागा व वेळ यांच्या शिक्क्यासह छायाचित्रे काढून हजेरी घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून देशभर झाली. ज्या योजनेची मूळ कल्पना वि. स. पागे यांनी याच महाराष्ट्रात रुजविली, तिच्यातील दुष्काळी मजुराला आपण खोदकाम करीत होतो हे एका यंत्रापुढे दोनदा सिद्ध करावे लागू लागले. रेंज नसली तर मजुरी धोक्यात. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस असलेली घड्याळे बांधली गेली. हे वाचताना आम्ही मध्यमवर्गीय काय म्हणालो? "बरे झाले, कामचुकारपणास आळा बसेल!" बालपणी ऐकलेला तोच शब्द.

आमच्या मते या सर्व इतिहासाचे मर्म येथे आहे. प्रत्येक नवी पाळत प्रथम अशा माणसांवर येते ज्यांची बाजू घेण्यास कोणी पुढे येत नाही : आधी वेशीवरचा परका, मग पालावरचा पारधी, मग खड्ड्यातील मजूर. आम्ही ती शिस्त समजून मान डोलावितो. तिची हत्यारे आणि तिची सवय दोन्ही तयार झाल्यावर ती आमच्या दाराशी येते, तेव्हा तिला नकार देण्याचे तत्त्व आमच्याजवळ शिल्लक नसते; कारण ते तत्त्व इतरांच्या वेळी आम्हीच सोडून दिलेले असते. १८७१ च्या कायद्यात माणूस जन्माने संशयित होता. आज फोन हाती घेणारा प्रत्येक जण जन्मभर नोंदला जातो. भेद एवढाच की, तेव्हा परवाना मागावा लागे, आणि आता परवाना आपणच न वाचता देतो.

समाधानाची गोष्ट अशी की, तत्त्व पुन्हा हाती घेण्याची संधी न्यायालयाने दिली आहे. एका परदेशी आरोपीस जामीन देताना, त्याने आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास नकाशावर सतत दिसेल अशी खूण करावी, अशी अट घालण्यात आली होती. ८ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक व न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. आरोपीच्या हालचालींत पोलिसांना सतत डोकावता यावे अशी अट जामिनास घालता येत नाही, असा त्यांच्या निर्णयाचा सारांश आहे. हा हक्क परदेशी, अमली पदार्थांच्या गुन्ह्यातील आरोपीला मिळाला, म्हणूनच तो आमच्या मुलांसाठी भक्कम झाला. संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला आहे. त्यात संमतीची अट आहे व माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे. पण सरकारला आपल्या संस्थांना त्यातून सूट देण्याची मुभाही आहे. खरकसिंगाच्या चौकीदाराची आठवण ज्यांना आहे त्यांनी या सवलतीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे.

घरी आल्यावर आम्ही मुलांच्या मदतीने फोनमधील ती नोंद बंद केली, जुनी पुसून टाकली, आणि कोणत्या अ‍ॅपला ठावठिकाणा का हवा हे एकेकास विचारून बहुतेकांना नाही म्हटले. तासभर लागला. वाचकांनीही तो तास काढावा. परंतु तेवढ्यावर थांबू नये. पुढच्या खेपेस कोणा मजुराच्या मनगटावर घड्याळ बांधल्याची किंवा कोणा पालावर झडती पडल्याची बातमी वाचनात येईल, तेव्हा तोंडावर येणारे "बरे झाले" क्षणभर आवरावे आणि ती हजेरी आपण देऊ का, असे स्वतःस विचारावे. वडवणीच्या त्या वृद्ध गृहस्थांनी निघताना आम्हांस सांगितले होते, "वेसकर विचारायचा, मग माणूस सांगायचा. सांगायचं नसलं तर गप राहायचा." गप्प राहण्याची ती मोकळीक आज कायद्याने सर्वांना, आणि आधी दुबळ्यांना, मिळाली पाहिजे.