कृत्रिम खुबा : घर्षणपृष्ठे आणि झीज

मांडीच्या हाडाच्या पोकळीत रोवलेल्या दांड्याच्या माथ्यावरचा गोळा आणि कटिराच्या खोबणीत बसविलेली वाटी यांच्या परस्पर घर्षणाने कृत्रिम खुब्याच्या द्रव्याचा जो क्षय होतो, त्यास झीज म्हणतात. निरोगी नैसर्गिक सांध्यात कूर्चा व वंगणद्रव यांच्या योगाने हा क्षय दीर्घकाळ नगण्य राहतो; कृत्रिम सांध्याला मात्र, शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार झेलीत, वर्षाकाठी सुमारे दहा लाख आवर्तने, तीही झिजलेले भरून काढण्याची कोणतीच सोय नसताना, पुरी करावी लागतात. किती झिजले यापेक्षा जे झिजले ते कोठे गेले आणि शरीराने त्याचे काय केले हा प्रश्न अधिक बिकट आहे, हे वैद्यकाला बरीच किंमत मोजल्यावर कळले.

या विद्येचा पाया इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, राइटिंग्टन रुग्णालयात, जॉन चार्नली याने घातला. अ‍ॅक्रिलिकचा गोळा बसविलेल्या एका रुग्णाचा खुबा करकरतो ही तक्रार कानी आल्यावरून त्याने घर्षण हाच मुख्य शत्रू ठरविला आणि सर्वांत निसरडे द्रव्य म्हणून टेफ्लॉनची वाटी पसंत केली. घर्षण कमी तर झीज कमी, हे अनुमान दिसते निर्दोष. पण थोड्याच वर्षांत पोलादी गोळा वाटी पोखरून आत शिरला, झिजलेल्या पुडीभोवती चक्क्यासारखा लगदा साचला, आणि सुमारे 300 रुग्णांपैकी अनेकांवर पुन्हा शस्त्र चालवावे लागले. ही पूड शरीरात काय करते ते पाहण्यासाठी चार्नलीने ती स्वतःच्या मांडीत टोचून घेतली होती, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

1962 साली लँकेशायरच्या कापड गिरण्यांतील मागांच्या दंतचक्रांसाठी खपणाऱ्या एका प्लास्टिकचा नमुना घेऊन एक विक्रेता रुग्णालयात आला. चार्नलीला त्यात काही तथ्य दिसले नाही. तो परदेशी गेला असता त्याचा सहायक हॅरी क्रेव्हन याने तो नमुना झीजयंत्रावर चढविला, आणि टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे तितके हे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलिन कित्येक आठवड्यांतही झिजले नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरापासून या द्रव्याची वाटी व 22.225 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा ही जोडी रूढ झाली. गोळा इतका लहान ठेवण्याचा हेतू वाटीवर येणारे घर्षणाचे पीळबल कमी करण्याचा होता; शिवाय वाटीत तो सारख्याच खोलीपर्यंत उतरला तरी लहान गोळ्याने खरवडून काढलेल्या द्रव्याचे आकारमान कमी भरते.

पॉलिएथिलिनची वाटी साधारणतः वर्षाला 0.1 मिलिमीटर झिजते. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण एक मायक्रॉनहूनही बारीक असे तिचे असंख्य कण भक्षकपेशी गिळतात, त्यांना ते पचत नाहीत, आणि त्या पेशींनी सोडलेल्या संदेशद्रव्यांमुळे हाड खाणाऱ्या पेशी जागृत होऊन सांध्याच्या भोवतालचे हाडच विरघळू लागते. प्रारंभी या अस्थिक्षयाचा ठपका सांधा चिकटविण्याच्या सिमेंटवर ठेवण्यात आला व त्याला सिमेंटचा रोग असे नावही मिळाले. पण सिमेंटावाचून बसविलेल्या सांध्यांभोवतीही हाड तसेच पोखरलेले आढळले, तेव्हा खरा गुन्हेगार पूड आहे हे उघड झाले. त्यातच वाट्या निर्जंतुक करण्यासाठी हवेत दिलेल्या गॅमा किरणांनी रेणुशृंखला तुटत, ऑक्सिजनशी संयोग होई, आणि फडताळात पडूनच वाटी ठिसूळ होऊ लागे. नवल असे की, त्याच किरणांची मात्रा वाढवून, ऑक्सिजनला मज्जाव करून आणि नंतर द्रव्य वितळवून, शृंखला एकमेकींत गुंफता येतात. 1990 नंतरच्या दशकाअखेरीस प्रचारात आलेल्या या गुंफित पॉलिएथिलिनची झीज फारच अल्प असते. मात्र वितळविल्याने चिवटपणा थोडा उणावतो, म्हणून काही निर्माते वितळविण्याऐवजी त्यात जीवनसत्त्व ई मिसळतात.

धातूवर धातू हा दुसरा मार्ग. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा गोळा त्याच धातूच्या वाटीत फिरला तर झिजलेल्या द्रव्याचे आकारमान नगण्य असते, आणि नॉर्विचच्या मकी याच्या जुन्या सांध्यांपैकी काही दशकानुदशके टिकलेही. परंतु धातूचे कण अतिसूक्ष्म, म्हणून संख्येने अफाट. त्यांतून सुटलेले कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरते, आणि सांध्याभोवती अर्बुदासारख्या गाठी होऊन स्नायू नासतात. वाटी अधिक उभट बसल्यास गोळा तिच्या काठावरच घासू लागतो व झीज अनेक पटींनी वाढते. मोठ्या गोळ्याचे असे एक प्रख्यात उपकरण, एएसआर, सुमारे 93,000 रुग्णांना बसविल्यानंतर ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत घेण्यात आले. भारतात सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या; महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फिर्याद दाखल केली, आणि केंद्र सरकारने भरपाईचे सूत्र ठरविले ते 2018 साली.

चिनी मातीच्या कुळातील अ‍ॅल्युमिनाचा प्रयोग फ्रान्समधील पो येथे प्येर बुतँ याने 1970 साली केला. अत्यंत कठीण, पाण्याने सहज भिजणारे आणि चकचकीत घोटता येणारे हे द्रव्य सर्वांत कमी झिजते व त्याची पूडही शरीराला विशेष बाधत नाही. क्वचित सांधा चालताना कुरकुरतो, एवढ्यासाठी त्याला दोष देणे प्रस्तुत लेखकाला अवाजवी वाटते. त्याचे खरे वैगुण्य फुटण्यात आहे. झिर्कोनिया मिसळून ते आता पुष्कळ चिवट केले आहे आणि मृत्तिकेचा गोळा गुंफित पॉलिएथिलिनच्या वाटीत ही जोडी सध्या बहुमान्य आहे. तरीही क्वचित गोळा फुटलाच, तर शल्यविशारद त्याच्या जागी धातूचा गोळा बसवीत नाही. सगळ्या कपच्या वेचून काढणे अशक्यप्राय असते, आणि मागे राहिलेल्या कपच्या नव्या धातूला कानसेसारख्या खरवडून काढतात.